कोलोन, आल्टनबर्ग, क्युर्टन : श्टॉकहाउझनच्या मागावर

दसरा आणि जर्मनीतली ३ ऑक्टोबरची सुट्टी २०२५ मध्ये लागून आली, पुढे शनिवार-रविवार, म्हणजे रजा न टाकता मस्त लांब वीकेंड. दादा (माझा मामेभाऊ, पुण्यात असतो, तबला वाजवतो आणि पोटापाण्यासाठी मशीन टूल्स विकतो) नेमका तेव्हाच प्रदर्शनाच्या कामासाठी इकडे आलेला. त्याला म्हटलं ऱ्हाइनवरच्या बोटी आणि किल्ले सगळेच बघतात, आपण श्टॉकहाउझन करू. तर म्हणे, "कुठं आलं हे? हिल स्टेशन आहे का?"

तर सुरुवातीलाच सांगून टाकतो. कार्लहाइन्झ श्टॉकहाउझन हा संगीतकार, १९२८ ते २००७. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या अगदी पहिल्या फळीतला. बीटल्सच्या १९६७च्या त्या गर्दीवाल्या अल्बम कव्हरवर मागच्या रांगेत जो आहे तो हा. चार हेलिकॉप्टरमध्ये चार वादक बसवून क्वार्टेट वाजवायला लावणारा पण हाच. लोक याला एकतर देव मानतात नाहीतर वेडा, आणि बहुतेक सगळे ऐकायच्या आधीच ठरवून मोकळे होतात. मी गेली काही वर्षं ऐकतोय, सगळं झेपत नाही, पण सुटतही नाही. त्याचं जन्मगाव, बालपणाचं गाव, कामाची जागा आणि घर हे सगळं कोलोनच्या आसपास तासा-दीड तासाच्या अंतरात आहे, म्हणून बेत आखला.

गुरुवार

दसऱ्याचं सीमोल्लंघन म्हणून ऑफिस उरकून श्टुटगार्टहून गाडी पकडली. रात्री कोलोनला उतरलो तर स्टेशनच्या दारातच कॅथीड्रल. लोक सांगतात तेव्हा खरं वाटत नाही, पण बाहेर पाऊल टाकलं की मान वर करून बघत राहावं लागतं, १५७ मीटर उंच आणि काळंकुट्ट. बारीक पाऊस चालूच.

जेवायला जुन्या शहरातल्या एका ब्रूहाउसमध्ये. इथली बिअर म्हणजे क्योल्श, ती उभ्या बारक्या ग्लासात मिळते, ०.२ लिटरच्या. वाढणाऱ्याला क्योबेस म्हणतात आणि त्याचा उद्धटपणा हा इथल्या परंपरेचा भाग आहे असं मानायचं. ग्लास रिकामा झाला की न विचारता दुसरा येतो, तुमच्या कोस्टरवर पेन्सिलने एक रेघ ओढली जाते, आणि हे थांबवायचं तर कोस्टर उचलून ग्लासावर ठेवायचा. दादाला हे कळेपर्यंत त्याच्या कोस्टरवर बऱ्याच रेघा झाल्या होत्या. खायला राइबेकूखन घेतले, किसलेल्या बटाट्याची कुरकुरीत धिरडी, सोबत सफरचंदाचा गोड गर. शाकाहारी लोकांनी इथे हे डोळे झाकून मागवावं.

शुक्रवार

सुट्टीमुळे दुकानं बंद, शहर निवांत. सकाळी कॅथीड्रलमध्ये गेलो. दक्षिणेकडच्या बाजूला गेरहार्ड रिश्टरची खिडकी आहे, २००७ साली बसवलेली, म्हणजे श्टॉकहाउझन गेला त्याच वर्षी. ११,२६३ काचेचे चौकोन, ७२ रंग, आणि कुठला रंग कुठे हे बरंचसं कॉम्प्युटरच्या रँडम क्रमाने ठरवलेलं. ना संत, ना देवदूत, ना गोष्ट. आम्ही आत असताना ढग जरा बाजूला झाले आणि समोरच्या दगडी खांबावर रंगाचे तुकडे पडले, एक चिमुरडी ते हाताने पकडायला बघत होती. मला हे आत्ता मुद्दाम सांगायचंय कारण श्टॉकहाउझनचं ऐकताना मला जे होतं ते अगदी असंच असतं, चित्र कसलंय ते कळत नाही पण उजेड अंगावर येतो.

आणि या कॅथीड्रलचा त्याच्याशी जुना हिशोब आहे. १९५५-५६ मध्ये त्याने 'गेझांग डेअर युंगलिंगे' केलं. बायबलमधली गोष्ट, राजा तीन तरुणांना धगधगत्या भट्टीत टाकतो, ते जळत नाहीत, आत उभं राहून देवाची स्तुती गातात. श्टॉकहाउझनने एका १२ वर्षांच्या मुलाचा आवाज रेकॉर्ड केला आणि यंत्रातून काढलेल्या आवाजात असा मिसळला की मुलगा कुठे संपतो आणि मशीन कुठे सुरू होतं ते सांगता येत नाही. तेव्हा तो पक्का कॅथलिक होता, त्याच्या मनात होतं की हे कॅथीड्रलमध्ये वाजावं. पण लाउडस्पीकरला चर्चमध्ये जागा नाही असं सांगून नकार आला, असं तो सांगायचा. मग ३० मे १९५६ला ते वाजलं समोरच्याच रेडिओच्या हॉलमध्ये, वालराफप्लाट्झला, कॅथीड्रलपासून चालत पाच मिनिटं.

ती इमारत बघायला गेलो. डब्ल्यूडीआर या इथल्या रेडिओचं फुंकहाउस, बाहेरून एकदम सरकारी दिसतं, आपल्या आकाशवाणीसारखंच. आत काही गेलो नाही, सुट्टी होती. इथेच तो स्टुडिओ होता, जगातल्या पहिल्या इलेक्ट्रॉनिक म्युझिक स्टुडिओंपैकी एक, हर्बर्ट आयमर्ट पहिले प्रमुख आणि १९५३ पासून पोरसवदा श्टॉकहाउझन त्यांचा मदतनीस. सिंथेसायझर वगैरे अजून जन्मायचे होते. जी यंत्रं होती ती रेडिओ इंजिनिअरांची मोजमापाची, त्यातून निघणारा शुद्ध सूं असा एकच सूर घ्यायचा, टेपवर घ्यायचा, टेप कात्रीने कापायची, चिकटवायची, एकावर एक चढवायची. 'गेझांग' जेमतेम तेरा मिनिटांचं आहे, आणि ते करायला वर्षाहून जास्त गेलं. दादाला हे आवडलं. म्हणाला, "म्हणजे रियाज आहे याच्यात." म्हटलं भरपूर आहे.

दुपारी होहेनझोलर्न पुलावरून (तोच तो, प्रेमिकांच्या लाखो कुलुपांचा, रेल्वेच्या पुलाचं कुंपण कुलुपांनी दिसेनासं झालंय) चालत पलीकडे डॉइट्झला गेलो. पुलावर वारा असा की छत्री उघडायची सोय नाही. डॉइट्झच्या प्रदर्शन संकुलातल्या एका हॉलमध्ये २४ मार्च १९५८ला 'ग्रुपेन' पहिल्यांदा झालं. तीन ऑर्केस्ट्रा, मिळून १०९ वादक, तीन कंडक्टर, स्वतः श्टॉकहाउझन, बूलेझ आणि मादेर्ना. श्रोते मधे आणि तीन बाजूंना तीन ऑर्केस्ट्रा, प्रत्येक आपापल्या लयीत. एका जागी ब्रास वाद्यांचा एक सूर एका ऑर्केस्ट्राकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे फिरतो, स्टेडियममध्ये लाट फिरते ना तसा, फक्त तुम्ही मैदानाच्या मधोमध उभे. हे यूट्यूबवर ऐकून अर्धंच कळतं, कारण जागा हाच त्यातला एक सूर आहे. आवाज कुठून येतो याला तो उंची आणि लांबीइतकंच महत्त्व द्यायचा. पुढे १९७०च्या ओसाका एक्स्पोत तर जर्मनीने चक्क गोलाकार सभागृह बांधलं, श्रोते मधल्या जाळीवर बसणार आणि स्पीकर वर, खाली, चारी बाजूंनी, आणि श्टॉकहाउझनची मंडळी १८३ दिवस रोज तिथे वाजवत होती.

तिकिटाचं : महिनाभर स्थानिक गाड्या, बस, ट्राम सगळं चालणारं डॉइचलांडटिकेट २०२५ मध्ये ५८ युरोला होतं, पण ते सबस्क्रिप्शन असतं, महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. रिमाइंडर लावून ठेवा. कॅथीड्रलच्या मनोऱ्याला ५३३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, गुडघ्यांना विचारून मग ठरवा.

रात्री हॉस्टेलवर दादाला 'कोंटाक्टे' ऐकवलं, १९६० सालचं. एकच हेडफोन स्प्लिटर, दोघं खाटेवर मांडी घालून. साधारण सतराव्या मिनिटाला ती प्रसिद्ध जागा येते. एक उंच चिरका सूर असतो, तो घसरायला लागतो, वळसे घेत घेत खाली, खाली, इतका खाली की त्याचा सूर राहत नाही, टक-टक-टक असे सुटे ठोके ऐकू यायला लागतात. ठोके आणखी सावकाश होतात, मग त्यातला एकेक ठोका लांबत जातो, त्याच्या पोटातून पुन्हा सूर बाहेर येतो. दादाने हेडफोन काढला आणि म्हणाला, "परत लाव."

श्टॉकहाउझनच्या डोक्यातली सगळ्यात मोठी गोष्ट ती हीच. सूर आणि लय आपण दोन वेगळ्या वस्तू धरतो. तो म्हणतो एकच आहे, वेग वेगळा. सेकंदाला साधारण सोळापेक्षा कमी ठोके असले तर ते मोजता येतात, ती लय, त्याच्या वर गेले की कान मोजणं सोडून देतो आणि त्याला सूर म्हणतो. आणखी सावकाश करत मिनिटांवर आलात तर तोच रचनेचा आकार, म्हणजे स्थायी-अंतरा म्हणा. १९५७ साली त्याने यावर मोठा लेख लिहिलाय, गणिताने भरलेला, भौतिकशास्त्रवाल्यांनी त्यातल्या चुकाही काढल्या. पण 'कोंटाक्टे'त ते कानाला पटतं, वादच संपला. दादाचं म्हणणं की हे तबल्यात आम्हाला माहितीच आहे, धिरधिर अतिद्रुतमध्ये गेलं की बोल वेगळे ऐकू येत नाहीत, एक गुंजन होतं. "पण," दादा म्हणाला, "आम्ही समेवर परत येतो रे. हा कुठं येतो?" त्यावर माझ्याकडे त्या रात्री उत्तर नव्हतं आणि दिवे पण घालवायला सांगितले.

एक सांगायचं राहिलं. याच रचनेतले गरगर फिरणारे आवाज त्याने कसे केले, तर एका फिरत्या टेबलावर लाउडस्पीकर ठेवला, चार बाजूंना चार माइक, आणि टेबल हाताने फिरवलं. फिरतानाचा आवाज चार ट्रॅकवर, मग हॉलच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकर. एवढंच.

शनिवार

सकाळपासून वारा सुटलेला, फोनवर वादळाचा इशारा. तरी निघालो. एस-बान ११ ने बेर्गिश ग्लाडबाख आणि पुढे बस बदलत आल्टनबर्ग. शहर संपलं की एकदम टेकड्या सुरू होतात, झाडी, गुरं, पांढऱ्या भिंतीत काळी लाकडं बसवलेली घरं, हिरव्या झडपा, स्लेटची छपरं. या पट्ट्याला बेर्गिशेस लांड म्हणतात आणि इथला पाऊस प्रसिद्ध आहे. आम्हाला पूर्ण कोटा मिळाला.

आल्टनबर्ग म्हणजे दरीत एक भलंमोठं चर्च आणि आजूबाजूला जेमतेम वस्ती. सिस्टर्शियन साधूंनी ११३३ मध्ये मठ काढला, आत्ताच्या चर्चचा पाया १२५९चा. साधेपणाचा पंथ, म्हणून शिखर-मनोरे नाहीत, काचाही बहुतेक करड्या, रंग जवळपास नाहीच, आणि पश्चिमेला एकच सोनेरी प्रचंड खिडकी. गंमत म्हणजे हे चर्च कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघं मिळून वापरतात, एकोणिसाव्या शतकापासून, वेळा वाटून घेतल्यात. आम्ही गेलो तेव्हा ऑर्गन वाजवणारा कुणी सराव करत होता, एकच ओळ पुन्हा पुन्हा, चुकायचा, थांबायचा, पुन्हा. दादा डोळे मिटून बाकावर बसला तो अर्धा तास उठला नाही.

श्टॉकहाउझनचे वडील झिमोन इथे शाळामास्तर होते, १९३५ पासून. म्हणजे पोरगा सात वर्षांचा असताना इथे आला आणि याच चर्चच्या ऑर्गनवादकाकडे पियानो शिकायला लागला. ऐकायला छान वाटतं, पण घरात काय होतं बघा. आईला, गेरट्रूडला, १९३२ च्या शेवटी मानसिक आजारामुळे इस्पितळात ठेवलेलं, ती परत आलीच नाही. १९४१ मध्ये नाझींनी 'निरुपयोगी' ठरवलेल्या रुग्णांना मारायची जी मोहीम चालवली त्यात तिला हाडामार नावाच्या गावी गॅसने मारलं. घरी कळवलं की रक्ताच्या कॅन्सरने गेली. वडील सैन्यात, १९४५ मध्ये पूर्व आघाडीवर गेले ते गेलेच. पोरगा १६ वर्षांचा असताना लष्करी इस्पितळात स्ट्रेचर उचलत होता, जखमी आणि मेलेले. पुढे त्याने सात दिवसांचे सात ऑपेरे लिहिले, 'लिश्ट' म्हणजे प्रकाश, त्यातल्या 'गुरुवार'च्या पहिल्या अंकात हे सगळं जवळपास तसंच आहे, वेड लागलेली आई, इंजेक्शन देऊन मारलेली, शिकारी आणि धार्मिक बाप युद्धात मेलेला. १९८१ मध्ये मिलानच्या ला स्कालात झालं ते.

दादाच्या समेचं उत्तर मला वाटतं इथे आहे. त्याच्या लहानपणी रेडिओवर सतत लष्करी कवायतीचं संगीत लागायचं, एक-दोन एक-दोन, आणि मोठेपणी तो सांगायचा की नियमित ठोका ऐकला की त्याला तेच आठवतं. सगळ्यांचे पाय एकाच वेळी खाली येणं याची त्याला धास्ती होती. म्हणून त्याच्या संगीतात टाळ्या देत बसायची सोय नाही. दादा म्हणाला सम म्हणजे कवायत नव्हे, समेवर सगळे खूश होऊन 'वाह' म्हणतात, तिथे जबरदस्ती नाही. बरोबर आहे त्याचं. पण ज्याने ठोका बुटांचाच ऐकलाय त्याला हे कोण सांगणार. चर्चच्या पायऱ्यांवर छत्रीखाली आमचा हा वाद बराच वेळ चालला, येणारे-जाणारे बघत होते.

वाद मिटवला बेर्गिश काफेटाफेलने. हे इथलं खास, कॉफी म्हणतात पण पूर्ण जेवण असतं. टेबलावर मधोमध पितळेच्या किटलीसारखं पण पोटाला तोटी असलेलं कथलाचं भांडं येतं, त्याला ड्र्योपेलमिना म्हणतात, तोटी सोडली की कॉफी थेंब थेंब गळते. मग गरम हार्ट-आकाराची वाफल, त्यावर गरम चेरी आणि क्रीम, दुधात शिजवलेला घट्ट भात साखर-दालचिनी घालून, काळा ब्रेड, लोणी, मध, चक्क्यासारखं क्वार्क, चीज, हॅम. एकाच ब्रेडवर भात आणि वाफलवर मध अशी काहीही जुळवाजुळव करायची. वाढणाऱ्या आजींनी दादाला दुधातला भात ब्रेडवर कसा पसरायचा ते स्वतः करून दाखवलं, हाताला धरून. दादा म्हणे आमच्याकडे पण खीर असते, त्या म्हणाल्या मग खा की, बघता काय. भाषा एकाची जर्मन, दुसऱ्याची मराठी, अडलं काहीच नाही.

टीप : काफेटाफेल दोघांत एक मागवली तरी पुरते, आधी विचारून घ्या, वीकेंडला टेबल बुक केलेलं बरं. लहान मुलं बरोबर असतील तर चर्चच्या जवळच परीकथांचं जुनं पार्क आहे, मेर्शनवाल्ड, पोरं खूश होतात.

मग क्युर्टन. गाव काही सुंदर बिंदर नाही, एक रस्ता, बँक, बेकरी, डोंगरउतारावर घरं. पण पंचायतीच्या ऑफिसचा पत्ताच कार्लहाइन्झ-श्टॉकहाउझन-प्लाट्झ १ असा आहे, म्हणजे पाणीपट्टी भरायला येणाऱ्यालाही हे नाव लिहावं लागतं. १९६५ मध्ये त्याने इथे जंगलाला लागून घर बांधलं आणि शेवटपर्यंत राहिला. संगीताच्या सगळ्या पसाऱ्याचं ठाणं पण इथेच, आपल्या रचना छापायला १९७५ पासून स्वतःचं प्रकाशन, पुढे स्वतःच्या सीडी, १९९४ मध्ये ट्रस्ट. दुसऱ्यावर विसंबणं त्याला जमायचंच नाही. १९९८ पासून दर उन्हाळ्यात इथे शिबिर भरायचं, जगभरातली पोरं वाद्यं घेऊन यायची, आणि तो पांढऱ्या कपड्यांत हॉलच्या मधोमध साउंड मिक्सरवर बसायचा. घर बघायचं असेल तर ट्रस्टला आधी ईमेल करून विचारा, तसंच दारात जाऊन उभं राहू नये, आम्ही राहिलो नाही.

याच घरात मे १९६८ मध्ये जे झालं त्यात आपल्याकडचा धागा आहे, आणि तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. बायको सोडून गेलेली, मनाची पार दुर्दशा, त्यात त्याच्या हाती श्री अरविंदांवरचं सत्प्रेम यांचं पुस्तक आलं. खाणं सोडून तो एकटा बसून राहिला, आणि त्या आठवड्यात १५ रचना लिहिल्या ज्यात एकही सूर लिहिलेला नाही, नुसत्या शब्दांतल्या सूचना. विश्वाच्या लयीतलं एक कंपन वाजव, अशा धर्तीच्या. एक तर अशी की चार दिवस एकटं राहा, मौन, उपाशी, झोप अगदी कमी, मग विचार न करता एकेक सूर वाजव. आता खरं सांगायचं तर यातली बरीचशी रेकॉर्डिंग मला कंटाळवाणी वाटतात, चांगले वादक असतील तर काहीतरी घडतं नाहीतर नुसता आदळआपट. पण पाँडिचेरीचं अतिमानस कुठून कुठे पोचलं हे बघून हसू येतं आणि बरंही वाटतं.

त्याच वर्षीचं 'श्टिमुंग' मात्र सोन्यासारखं आहे. सहा गायक गोल बसून, प्रत्येकापुढे माइक, सत्तरेक मिनिटं एकच स्वरसंगती. त्या एका षड्जाच्या पोटातले उपस्वर तेवढे तोंडाचा आकार बदलून बाहेर काढायचे, मधेच वेगवेगळ्या संस्कृतींतल्या देवांची नावं पुकारायची. ज्याने जवारी छान लागलेल्या तंबोऱ्याला कान लावलाय त्याला हे ऐकायला कसलीही तयारी लागत नाही. बसमध्ये दादाला लावून दिलं होतं, क्युर्टन आलं तरी काढेना.

वाल्डफ्रीडहोफ म्हणजे जंगलातलं कबरस्तान, थोडं चढून. वाऱ्याने फांद्या पडलेल्या, पाचोळ्याचा चिखल. ५ डिसेंबर २००७ला तो गेला, इथेच पुरलंय. शेवटची वर्षं तो 'क्लांग' लिहीत होता, दिवसाच्या २४ तासांसाठी २४ रचना, २१ झाल्या आणि गेला. दादा हे ऐकून एकदम गंभीर झाला. प्रहराप्रमाणे राग गाणाऱ्या लोकांना हे समजावून सांगायला लागत नाही ना. त्यातल्या तेराव्या तासाला, 'कॉस्मिक पल्सेस'ला, २४ थर आहेत, प्रत्येक आपल्या वेगाने आठ स्पीकरमधून फिरणारा. साध्या स्पीकरवर तो मिक्सरमधे दगड घातल्यासारखा वाटतो हेही नमूद करतो.

परतीची बस आलीच नाही. बोर्डावर आधी उशीर, मग तो आकडा गायबच झाला, बहुधा कुठे झाड पडलं असेल. स्टॉपवर आडोसा नाही, अंधारायला लागलेलं, दादाचे बूट फचफच. तासाभराने एक मध्यमवयीन बाई गाडी थांबवून म्हणाल्या, आज बस विसरा, मी ग्लाडबाखला चाललेय, बसा. त्या चर्चच्या कॉयरमध्ये गातात. श्टॉकहाउझनसाठी आलोय म्हटल्यावर आरशातून आमच्याकडे असं बघितलं की आम्ही त्यांच्या जुन्या शेजाऱ्याकडे पाहुणे आलोय. म्हणाल्या, शिबिराच्या दिवसांत बेकरीत जपानी, अमेरिकन, इटालियन पोरांची रांग लागायची, गावातल्या खोल्या भाड्याने जायच्या, संध्याकाळी हॉलमधून आवाज यायचे आणि त्यांचे वडील म्हणायचे, आज पुन्हा फर्निचर हलवतायत वाटतं. पण गावाने त्याला मानद नागरिक केलं होतं आणि कार्यक्रमाला लोक जायचेही, कळो न कळो.

मी ९/११ चं विचारलं. कारण ते टाळून याच्याबद्दल लिहिता येत नाही, १६ सप्टेंबर २००१ला हॅम्बर्गच्या पत्रकार परिषदेत त्याने त्या हल्ल्याला सर्वांत मोठी कलाकृती म्हटलं, त्याचे तिथले कार्यक्रम रद्द झाले, आणि मी ल्युसिफरच्या, म्हणजे सैतानाच्या, विनाशाच्या कलेबद्दल बोलत होतो हे त्याचं स्पष्टीकरण फार थोड्यांनी ऐकून घेतलं. मला ते स्पष्टीकरण खरं वाटतं, ल्युसिफर त्याच्या ऑपेऱ्यातलं पात्रच आहे, पण पाच दिवसांपूर्वी माणसं मेलीत आणि तुम्ही आपल्या पुराणात, हे माफ करता येत नाही. बाई जरा गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "जास्त दिवस जंगलात राहिलं की असं होतं." स्वतःला व्याध ताऱ्यावरून शिकून आलेला समजणाऱ्या माणसाबद्दल इतकं समजुतीचं बोलणं मी आजवर ऐकलं नव्हतं. पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत. दादाने पुण्याहून आणलेल्या बाकरवडीचं पाकीट दिलं, ते घेतलं.

टीप : वीकेंडला या भागात बस तासातून एखादी, त्यातून वारा-पाऊस असला तर बघायलाच नको. शक्यतो सकाळी क्युर्टन, दुपारी आल्टनबर्ग असं उलट करा आणि टॅक्सीचा नंबर जवळ ठेवा. जाड सोलचे वॉटरप्रूफ बूट हवेतच.

रविवार

वारा उतरला, ऊन नाही पण कोरडं. एस-बानने पश्चिमेला हॉरेम, तिथून म्योड्राट. जन्मस्थळ म्हणून गेलो खरे, पण गावच नाही. खाली लिग्नाइट कोळसा, तो उकरायला १९५०च्या दशकात अख्खं गाव हलवलं. जुना वाडा तेवढा उरलाय, बुर्ग म्योड्राट, १९२८ मध्ये तिथे प्रसूतिगृह चालायचं, २२ ऑगस्टला हा तिथे जन्मला. आता तिथे आधुनिक कलेची प्रदर्शनं भरतात. आम्ही बाहेरूनच फेरी मारली, मोठी झाडं, शांतता, लांबून हायवेचा घोंगाट. वाटेत भेटलेल्या कुत्रेवाल्या आजोबांना विचारलं तर त्यांना वाटलं आम्ही शूमाखरसाठी आलोय. फॉर्म्युला वनवाला मायकल शूमाखर इथेच, केर्पेन शहरात वाढला ना! संगीतकाराचं नाव सांगितलं तर म्हणाले, "हां, तो आवाजवाला." दादा म्हणाला की दोघंही गोल फिरवण्यातच मोठे झाले, यावर आजोबा खूप हसले, मला अनुवाद करताना नाकीनऊ आले.

दुपारच्या गाडीत दादाचा हिशोब चालू होता. 'श्टिमुंग' पास, 'कोंटाक्टे' पास, 'गेझांग' पुन्हा ऐकणार, सूचनांचे कागद नापास. नवीन ऐकणाऱ्यांना मी पण हाच क्रम सांगेन, आधी 'श्टिमुंग', मग राशींच्या बारा छोट्या धुनांचं 'टियरक्राइस' (ते मूळ चावीच्या म्युझिक बॉक्ससाठी केलेलं, अगदी गोड आहे), मग 'कोंटाक्टे' हेडफोनवर, रात्री, दिवे घालवून. 'लिश्ट'ला एकदम हात घालू नका, २९ तासांचं आहे, १९७७ ते २००३ लिहीत होता, त्यातले पुष्कळ तास मला अजून कोरडेच गेलेत. त्यातला 'रविवार' २०११ मध्ये इथे कोलोनला डॉइट्झलाच पहिल्यांदा झाला, दोन संध्याकाळी वाटून.

'बुधवार'मध्ये हेलिकॉप्टरवालं क्वार्टेट आहे हे मी सांगितलं मात्र, दादा ताठ बसला. चार वादक चार हेलिकॉप्टरमध्ये, पंख्यांचा आवाज धरून वाजवायचं, खाली हॉलमध्ये पडद्यावर आणि स्पीकरवर सगळं एकत्र, पहिल्यांदा १९९५ मध्ये ॲमस्टरडॅमला केलेलं. म्हणाला, "पंख्याला ठेका असतो. म्हणजे शेवटी घेतलाच की नाही त्याने ठेका?" आणि हे परत कुठे होणार असेल तर आधी कळव, तिकीट मी काढतो, असं त्याने मान्हाइमपर्यंत तीनदा बजावलं.